छोट्या व्हिडिओची सुरुवात लिहिताना या चुका टाळा

छोटा व्हिडिओ प्रेक्षकाने शोधून उघडलेला नसतो. बोट सरकवता सरकवता तो समोर आलेला असतो. त्यामुळे “नमस्कार मित्रांनो, चॅनेलवर आपले स्वागत आहे, आज आपण पाहणार आहोत…” हे वाक्य पुरे होईपर्यंत विषय न कळलेला प्रेक्षक पुढे निघून जातो. ही चूक सर्रास आढळते, पण दुरुस्त करायला सर्वांत सोपी आहे: संहितेतील पहिली दोन वाक्ये खोडून पाहावीत, खरी सुरुवात बहुधा तिसऱ्या वाक्यात दडलेली असते.

मोघमपणा त्याहून चिवट. “रोपांची काळजी कशी घ्यावी” हा निबंधाचा मथळा झाला. त्याऐवजी “पाने पिवळी पडली म्हणून आणखी पाणी घालत असाल, तर आधी माती बोटाने तपासा” असे म्हटले, की ज्याच्या कुंडीत तसे रोप आहे तो थांबतो, कारण त्याची अडचण आणि त्याच्या हातून होत असलेली चूक एकाच वाक्यात आलेली असते. बाकीचे निघून जातील. त्यांना खुशाल जाऊ द्यावे. हे वाक्य उच्चारताना पडद्यावर पिवळे पान आणि ओल्या मातीत रुतलेले बोट दिसावे. आवाज बंद ठेवून पाहणाऱ्यांसाठी तोच मजकूर मोजक्या शब्दांत लिहावा, मात्र तळाशी किंवा उजव्या कडेला नको, कारण तिथे ॲपची बटणे आणि वर्णन येते.

“शेवटपर्यंत पाहा, धक्का बसेल” ही सुरुवात मला सर्वांत घातक वाटते. प्रेक्षक एकदा थांबेलही, पण हाती काही लागले नाही तर पुढच्या वेळी तो त्या चेहऱ्यावरूनच बोट सरकवेल.

दोष नेमका कुठे आहे हे व्ह्यूजच्या आकड्यावरून ठरवू नये. ३१ मार्च २०२५ पासून यूट्यूब शॉर्ट्सवर व्हिडिओ सुरू होताच व्ह्यू मोजला जातो, त्यामुळे लगेच निघून गेलेलेही त्यात येतात. चॅनेलचे आकडे दाखवणाऱ्या यूट्यूब स्टुडिओमध्ये किती जणांनी व्हिडिओ पाहिला आणि किती जणांनी तो सरकवला, याचे प्रमाण वेगळे दिसते, ते पाहावे. सरकवणारे जास्त असतील तर पहिले वाक्य आणि पहिले दृश्य बदलावे. लोक थांबून मध्येच गळत असतील, तर सुरुवातीला हात न लावता कबूल केलेले उत्तर आधी आणावे.