टॅबलेटच्या कव्हरमध्ये पेनाची खाच: आखणी, छपाई आणि आपटून चाचणी

कव्हर आखायला बसलं की बहुतेकजण आधी टॅबलेटची चौकट काढतात आणि पेनाची जागा शेवटी, उरेल त्या कडेला चिकटवतात. क्रम उलटा ठेवा. पेन किती लांब, किती जाड आणि चार्ज कसं होतं, हे कळल्याशिवाय चौकटीला हात लावू नका.

दहाव्या पिढीचा आयपॅड घेऊ: २४८.६ × १७९.५ × ७ मिमी, वजन ४७७ ग्रॅम. पहिल्या पिढीची ॲपल पेन्सिल १७५.७ मिमी लांब आणि ८.९ मिमी जाड, तर यूएसबी-सीवाली १५५ मिमी लांब आणि ७.५ मिमी जाड. लांब पेन्सिल आखूड बाजूला कशीबशी मावते, पण तिची दोन्ही टोकं नेमकी कोपऱ्यांत येतात आणि आपटण्याचा सगळा मार तिथेच बसतो. म्हणून खाच लांब बाजूला. त्यातही बटणं, कॅमेरा आणि माइकची भोकं टाळून.

आयपॅड एअर आणि प्रोच्या काही मॉडेलांवर चालणारी दुसऱ्या पिढीची पेन्सिल टॅबलेटच्या कडेला चिकटून चार्ज होते. तिथे मधे भिंत ठेवू नका, कड सरळ उघडी सोडा आणि पेन्सिलीला आधार बाहेरच्या बाजूने द्या. गॅलॅक्सी टॅब एस६ लाइटच्या एस पेनला बॅटरीच नाही, त्यामुळे ते कुठेही ठेवता येतं. मात्र ते विद्युतचुंबकीय तत्त्वावर चालतं, आणि कव्हरमध्ये जोरदार चुंबक घातलात तर त्या जागी रेघ वाकडी उमटते. अशा टॅबलेटला चुंबक नको, रबरी पट्ट्याचा बंद लावा.

आता खाचेचं तोंड. ते बाहेरच्या बाजूला ठेवलं तर पेन काढायला सोपं आणि पडायलाही सोपं. एक मीटरवरून पडलेला टॅबलेट कोपऱ्याची उशी ४ मिमी दबून थांबला, तर सरासरी झटका गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे २५० पट असतो. उशी २ मिमीच दबली तर ५०० पट. पेन्सिलीचं वजन २०.७ ग्रॅम, म्हणजे २५० पटीला ती पाच किलोच्या जोराने सुटायला बघते. नुसत्या घट्टपणावर ती टिकत नाही. म्हणून तोंड मागच्या बाजूला, जमिनीकडे वळवा. कडेवर किंवा कोपऱ्यावर पडलं तर पेन भिंतीवर आदळेल, तोंडातून निसटणार नाही. पालथं पडलं तरी तेच. पाठीवर पडलं तर तोंडाखाली फरशीच असते.

८.९ मिमीच्या पेनाला खाचेचा आतला व्यास ९.२, तोंडाची रुंदी ७ आणि भिंत १.८ मिमी. संपूर्ण लांबीभर पकड नको, नाहीतर पेन ओढताना नखं तुटतील. २५ मिमीच्या दोन पकडी पुरतात, मधला भाग सैल ठेवा आणि तिथे बोटाने पेन वर ढकलता येईल एवढी खिडकी सोडा. टोकाच्या बाजूला ३ मिमी मोकळी जागा हवीच, पेनाने अंग टेकायचं ते खांद्यावर, टोकावर नाही. तळाला ४ मिमीची एक फट ठेवा. गोव्यात मिरामारच्या किंवा कोळव्याच्या किनाऱ्यावर जाऊन आलेल्या पिशवीत रेती असतेच, बंद खाचेत ती साचते आणि पेन घासून काढते.

चौकटीची भिंत २.५ मिमी, पाठ २ मिमी, कोपरे ४.५ मिमी. स्क्रीनच्या काचेपेक्षा कड १.२ मिमी वर. कोपरा भरीव करू नका, आत १५ ते २० टक्के जाळीदार भराव ठेवा, भरीव कोपरा दबत नाही आणि झटका सरळ आत पोचवतो. टॅबलेटभोवती प्रत्येक बाजूला ०.२ मिमी सूट पुरे. जास्त दिली तर पडताना टॅबलेट कडेतून बाहेर उडतो.

थोड्या नगांसाठी साचा परवडत नाही, तेव्हा थ्रीडी प्रिंटर आणि ९५ए कडकपणाचं टीपीयू (रबरासारखं लवचीक प्लास्टिक) घ्या. पीएलए हे छपाईचं नेहमीचं कडक प्लास्टिक स्वस्त आहे, पण ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, एप्रिलमध्ये उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर त्याची खाच वाकडी होणार. पारदर्शक टीपीयू उन्हाने पिवळं पडतं, काळं किंवा राखाडी घ्या. आणखी एक गोष्ट आधीच तपासा: कोपरे आणि सूट धरून हे कव्हर २५८ मिमी लांब होतं, म्हणजे प्रिंटरच्या २५६ मिमीच्या बेडवर (छपाईच्या पाटावर) ते जेमतेम दोन मिलिमीटरने बसत नाही. ३०० मिमीचा बेड लागेल.

नोझल (वितळलेला माल बाहेर पडतो ते तोंड) ०.४, थर ०.२ मिमी, तापमान २२५ ते २३० अंश, बेड ५०, वेग सेकंदाला २५ मिमी. घाई केली की टीपीयू गिअरमध्ये गुंडाळतं. गोव्यात जून ते सप्टेंबर टीपीयू हवेतलं पाणी पितं. नोझलमधून चटचट आवाज यायला लागला, भिंतीवर फोड आणि बारीक तंतू दिसले की समजायचं माल ओला आहे. तापमान कमी-जास्त करत बसू नका. रीळ ५० अंशांवर सहा तास सुकवा, आणि छपाई चालू असतानाही सिलिका जेल घातलेल्या बंद डब्यातूनच ओढा. चुंबक घालायचे असतील तर छपाई थांबवून आत बसवा आणि वर किमान ०.८ मिमी थर येऊ द्या. खाऱ्या हवेत चुंबकाच्या मुलाम्याला बारीक चीर गेली तरी तो आतून गंजून फुगतो.

सगळं कव्हर छापण्याआधी खाचेचे १५ मिमीचे तीन तुकडे काढा: तोंड ६.५, ७ आणि ७.५. पेन हाताने घालून बघा. त्याचबरोबर एक कोपराही छापा. या तुकड्यांना लागतो तेवढाच माल खर्च, पूर्ण कव्हर फुकट गेलं तर दिवस जातो.

चाचणीला खरा टॅबलेट वापरू नका. ६ मिमी प्लायवर १ मिमीचा ॲल्युमिनियमचा पत्रा चिकटवून त्याच मापाचा नकली टॅबलेट करा. प्लायला खाचा पाडून मासेमारीच्या सामानाच्या दुकानातली गळाची शिशं ठोकून चपटी करून बसवा, सगळीकडे सारखी, वजन ४७७ ग्रॅमवर आणा. अमेरिकी लष्कराच्या मिल-एसटीडी-८१० मध्ये १२२ सेंटिमीटरवरून २६ वेळा टाकतात: ६ बाजू, १२ कडा, ८ कोपरे. पायलटच्या, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाल्याच्या, मागे बसलेल्याच्या हातून निसटलं तर उंची साधारण तेवढीच असते. पेन्सिलीऐवजी त्याच मापाचा आणि वजनाचा पोकळ दांडा खाचेत घाला आणि चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) पायरीवर टाका. गुळगुळीत फरशीवर जे टिकतं त्याला चिऱ्याच्या खडबडीत टोकाने चीर पडते. दांडा बाहेर उडाला तर आतला व्यास घट्ट करू नका, तोंड ०.३ मिमीने कमी करा. व्यास घट्ट केला की टीपीयू ताणलेल्या अवस्थेतच राहतं आणि काही आठवड्यांत पकड कायमची सैल पडते.