मॉरिशसला गेलेल्या पूर्वजाचं कोकणातलं गाव कसं शोधावं

'आडनावावरून गाव शोधा' हा सल्ला मॉरिशसच्या मराठी कुटुंबांना देऊ नये. करारावर मजुरीला गेलेल्या माणसाचं नावच तिथे पुढच्या पिढ्यांचं आडनाव झालं. 'तुकाराम' आडनावाचं घर कोकणात कुठून मिळणार?

घरातले जन्म-लग्न-मृत्यूचे दाखले काढत मागे जा. जुन्या दाखल्यावर बहुधा स्थलांतरिताचा क्रमांक असतो. तो घेऊन मॉरिशसमधल्या मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटकडे स्थलांतराच्या नोंदीचा उतारा मागा. क्रमांकाशिवाय जाऊ नका. १८३४ ते १९१० या काळात साडेचार लाखांवर माणसं त्या बेटावर उतरली, त्यात गणू आणि धोंडू कितीतरी.

उताऱ्यात जहाज, तारीख, वडिलांचं नाव, उंची, गाव, जिल्हा असतो. इथवर सोपं आहे. खरी कसोटी गावाच्या रकान्यात लागते. मजुरानं तोंडी सांगितलं, कारकुनानं कानाला लागलं तसं इंग्रजीत लिहिलं. त्यामुळे ते नाव जसंच्या तसं नकाशावर शोधायला जाऊ नका. आधी मोठ्यानं वाचा. 'यू' दिसला की 'अ' म्हणून पाहा, 'डबल ओ'चा 'उ' करा, 'डबल ई'ची 'ई'. 'रुटनागेरी' म्हणजे रत्नागिरी, हे तेव्हा उलगडतं. मग मालवणी बोलणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला ते ऐकवा. त्याचा कान कुठल्याही सर्च इंजिनपेक्षा भरवशाचा.

जिल्ह्याचं नावही आजच्या हिशेबानं वाचू नका. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली झाला. त्याआधी कणकवली, मालवण, देवगड रत्नागिरीतच होते. सावंतवाडी तर १९४८ पर्यंत वेगळं संस्थान. आणि 'बॉम्बे' लिहिलं असेल तर ते बंदर असू शकतं, गाव नव्हे. तेवढ्यावरून मुंबईत मुळं शोधू नका. जातीच्या रकान्यातल्या 'मराठा' शब्दावरही विसंबू नका. कारकून तो सैलपणे वापरत.

एकाच नावाची दोन-तीन गावं निघतातच. तिथे घरातल्या आजीला विचारा: कुलदैवत कोणतं, लग्नात नारळ कुणाच्या नावानं ठेवतात? ज्या गावाशी हे जुळेल तिथे आधी जा.

तालुक्याच्या रेकॉर्ड रूममध्ये कोतवाल बुक, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूंची जुनी नोंदवही, मागा. जुनी पानं मोडी लिपीत असतात, म्हणून मोडी वाचणारा माणूस सोबत न्याच. गेलेल्या माणसाचं नाव त्यात मिळेलच असं नाही. त्याच्या वडिलांचं नाव डोळ्यांसमोर ठेवून मागे राहिलेल्या भावांची घरं शोधा.