रोठा शोधायला बागेत जाण्याआधी

काजूला मोहोर फुटू लागला की सगळ्यांचे डोळे शेंड्याकडे लागतात. रोठा, म्हणजे झाड आतून पोखरणारी भुंगेऱ्याची अळी, असतो खाली, बुंध्यात. पानं पिवळी पडून तो वर कळेपर्यंत झाड बहुतेक हातचं गेलेलं असतं. म्हणून डिसेंबरातच ही तयारी करून बुंधे बघायला निघावं.

सगळ्यात आधी कोयती घ्या. बुंध्याभोवतीचं गवत आणि पालापाचोळा काढल्याशिवाय काही दिसत नाही. जमिनीपासून मीटरभर उंचीपर्यंतची साल आणि उघडी पडलेली मुळं नीट बघा. भुंगेऱ्याची मादी इथल्याच भेगांत अंडी घालते. तांबूस भुसा आणि डिंकाचा ओघळ दिसला की आत अळी आहे असं समजा आणि झाडाला चुन्याची खूण करा.

मग पटाशी, हातोडी आणि टोकाला आकडा केलेली तार. पटाशीला आदल्या दिवशीच धार लावा. बोथट पटाशीने चांगली सालही फाटते, आणि आपल्याला फक्त पोखरलेली तेवढीच काढायची असते. गेल्या वर्षी वेंगुर्ला ४ या काजूच्या जातीच्या एका झाडाला मी भोकातून औषध ओतलं, वर शेणमाती लिंपली आणि निर्धास्त झालो. भुशाने गच्च भरलेल्या वाटेत औषध उतरलंच नाही. मे महिन्यात पंधरा वर्षांचं ते झाड वाळलं. अजून त्या जागेवरून जाताना जीव हळहळतो. तेव्हा पांढरट, तपकिरी डोक्याची अळी डोळ्यांनी दिसेपर्यंत वाट उकरत जा. एक सापडली म्हणून थांबू नका, एका बुंध्यात अनेक असतात. खडूसारखं टणक कवच लागलं तर तो कोष, तोही काढा. हे सगळं टाकायला रॉकेल मिसळलेल्या पाण्याचा झाकणाचा डबा जवळ असू द्या.

औषध कोणतं आणि किती, ते सहायक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहायक) विचारूनच आणा. हातमोजे आणि साबण विसरू नका. शेजारच्या निरोगी झाडांच्या बुंध्यांना लावायला निंबोळी तेलाचं ५ टक्के द्रावण आणि कुंचला घ्या.

निम्म्याहून जास्त घेर पोखरलेलं झाड वाचत नाही. ते मुळासकट काढून जाळायला गडी आधीच सांगून ठेवा. उभं राहिलं तर त्यातले भुंगेरे बाहेर पडून शेजारच्या झाडांवर जातात.

आणि एक वही. खूण केलेल्या झाडांचे क्रमांक आणि तारीख लिहून ठेवा, महिन्याने ताजा भुसा आलाय का ते बघायला पुन्हा जायचंय.