ऊस हंगामाआधी ट्रॅक्टरची तयारी: थंडीत सेल्फ मारून दमायची वेळ येऊ नये म्हणून

दिवाळी झाली की निपाणी-चिकोडीपासून अथणीपर्यंत ऊसतोडीची गडबड सुरू होते. टोळी पहाटे फडात हजर आणि ट्रॅक्टर मात्र दारातच गुरगुरतोय, हे चित्र थंडीत नेहमीचं. खानापूरच्या बाजूला तर बॉनेटवरून दव निथळत असतं. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, दाबलेल्या हवेच्या गरमीनंच डिझेल पेटतं. गार लोखंड ती गरमी ओढून घेतं, ऑईल घट्ट होतं आणि बॅटरीचा जोरही उतरतो. उन्हाळ्यात खपून गेलेली कसर त्यामुळे डिसेंबरात उघडी पडते.

पाना हातात घेण्याआधी स्टॉपचा नॉब पूर्ण आत गेलाय का बघा. हसू नका, ड्रायव्हर बदलला की हे हमखास होतं. मग एकाला सायलेन्सरकडे बघत उभा करून सेल्फ मारा. इंजिन रडत फिरत असेल तर दोष बॅटरी, वायर किंवा सेल्फमध्ये. झपाझप फिरतंय पण धूर अजिबात नाही, तर डिझेल पोचतच नाही. पांढरा धूर येतोय पण पकडत नाही, तर डिझेल पोचतंय, पेटत नाही. एवढं कळलं तरी निम्मा खर्च वाचतो, कारण गॅरेजवाल्याला 'चालू होत नाही' एवढंच सांगितलं तर तो आधी नोझल (इंजिनात डिझेल फवारणारा भाग) उतरवणार.

बॅटरीचं सांगायचं तर रात्रभर उभ्या ट्रॅक्टरवर मीटरला १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. १२.२ म्हणजे निम्मी उतरली. ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरवर टेप आणि स्पीकरचे डबे लावायची हौस असते. रात्री कारखान्याच्या रांगेत इंजिन बंद ठेवून गाणी ऐकली, तर सकाळी बॅटरीला शिव्या देण्यात अर्थ नाही. टर्मिनलवर हिरवट-पांढरी पूड असेल तर वायर सोडवून, कोमट पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, पण ते पाणी सेलमध्ये जाऊ देऊ नका. अर्थिंगच्या वायरचं चेसिसकडचं टोक कुणी बघत नाही. तिथं गंज आणि चिखल साचलेला असतो. ते घासून नट आवळला की बऱ्याचदा नवी बॅटरी घ्यावी लागत नाही.

खरा वैताग असतो हवा धरण्याचा. दिवसभर एका सेल्फला उठणारा ट्रॅक्टर फक्त सकाळीच रुसतो, तेव्हा पहिला संशय इथं घ्या. टाकीपासून फीड पंपापर्यंत (टाकीतलं डिझेल पुढं ओढणारा पंप) कुठंतरी बारीक फट असते. रात्रभरात डिझेल मागं उतरतं आणि लाईनमध्ये हवा शिरते. ओळखायची खूण सोपी आहे: सकाळी सेल्फ मारायच्या आधी फीड पंपाचा हातपंप कडक होईपर्यंत मारा. त्यानंतर ट्रॅक्टर लगेच उठला, तर गुन्हेगार सापडला. मग फिल्टरवरचा एअर स्क्रू थोडा ढिला करून पुन्हा हातपंप मारा. आधी फेस येतो, मग बुडबुडे, आणि शेवटी सलग धार लागली की स्क्रू आवळा. पण हवा काढणं हा इलाज त्या दिवसापुरता. भेगाळलेला रबरी पाईप आणि बॅन्जो बोल्टचे (डिझेलचा पाईप जोडणारा पोकळ बोल्ट) तांब्याचे वायसर बदलल्याशिवाय दुखणं जात नाही. जुना चपटा झालेला वायसर पुन्हा बसवायची काटकसर करू नका. त्याच वेळी फिल्टरखालच्या काचेच्या वाटीत पाणी साचलंय का बघा. ते डिझेलच्या खाली बसलेलं वेगळं दिसतं. रिकाम्या टाकीत रात्री हवेतला ओलावा धरतो, म्हणून टाकी संध्याकाळीच भरून ठेवावी.

पांढऱ्या धुराचं प्रकरण असेल तर एअर क्लीनर साफ करा आणि ऑईल पुस्तकात सांगितलेल्या ग्रेडचंच घाला. तुमच्या ट्रॅक्टरला थंडीत आतली हवा तापवणारा हीटर असेल तर तो खरोखर तापतो का, हे हंगामाआधी तपासून घ्या. सगळ्या मॉडेलना तो नसतो. हवेच्या वाटेत इथरचा फवारा मारू नका. हीटर असलेल्या इंजिनात तर मुळीच नाही, स्फोट होऊ शकतो. इंजिनाखाली चिंधी पेटवणं हाही तसलाच उद्योग.

सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांच्या वर मारू नये, मध्ये मिनिटभर थांबावं. नाहीतर डिझेलचा दोष शोधताना सेल्फची वायंडिंग जळते.

एवढं सगळं करूनही पांढरा धूर हटत नसेल, तर नोझल आणि टॅपेट (व्हॉल्व्हची फट) मिस्त्रीकडून तपासून घ्या. गरम झाल्यावरही इंजिन कुरकुरतंय आणि ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणारी नळी) धुराचे भपके येतायत, तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. ते काम हंगामात निघालं की गाडी आठवडाभर उभी राहते, म्हणून कॉम्प्रेशन (इंजिनात हवा दाबली जाण्याचा जोर) दसऱ्याच्या आसपासच बघून ठेवा.