शापोऱ्याचा किल्ला: चढायचं सोडा, उतरायचं कसं ते बघा

डिसेंबर-जानेवारीत पाहुणे आले की आमच्याकडे गोव्यात ठरलेलं, एक दिवस शापोऱ्याचा किल्ला. म्हापशाहून दहाएक किलोमीटर. शुक्रवारी सकाळी म्हापशातून जाऊ नका, बाजार असतो, तिथेच अडकाल. भाजी-पाव खाऊन निघा, पाणी भरपूर घ्या. चारला पायथ्याशी, वीसेक मिनिटांत वर.

आत शिरल्या शिरल्या 'काहीच नाही रे इथं' म्हणून तोंड वाकडं करू नका. वाडा-बिडा शोधायचाच नाही, सगळं पडलंय, तटाला धरून फिरायचं आणि उत्तरेच्या बुरुजावर जाऊन थांबायचं. खाली नदी दिसते, पलीकडे मोरजी, म्हणजे पेडणे तालुका. तो तेव्हा पोर्तुगीजांचा नव्हता, नदी हीच सरहद्द, ती राखायला हा किल्ला. आधीचा आदिलशाहीतला, १६८४ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेने घेतला, आत्ताचा तट पोर्तुगीजांनी १७१७ ला बांधला, तोही १७३९ ला मराठ्यांकडे गेला आणि १७४१ ला परत. पुढे पेडणेही पोर्तुगीजांनी घेतलं, मग राखायला सरहद्दच उरली नाही, १८९२ ला किल्ला सोडून दिला.

आता उतरणं. याच्याबद्दल कोणी धड सांगत नाही, 'चांगले शूज घाला' एवढंच. अहो, माझेही चांगलेच होते! पावसात शेवाळ असतं हे सगळ्यांना माहीत, पण हिवाळ्यात जांभ्याची बारीक लाल खडी सुटी होते आणि उतारावर पायाखालून गोट्यांसारखी पळते. मी एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातात भाचीचा हात अशा थाटात उतरत होतो, सूर्य बुडाला होता, पाय गेला आणि दोन्ही तळहात सोलले. घरी आईने सुईने एकेक खडा काढला, वर बोलणी वेगळी.

तेव्हापासून माझे नियम. मावळताना सूर्य बघायचाच असेल तर वर नाही, खाली येऊन बघायचा. डिसेंबरात सहाच्या सुमाराला बुडतो, म्हणजे सव्वापाचला उतरायला लागायचं, लोक हसले तरी. दोन्ही हात मोकळे. समोर तोंड करून सरळ उतरायचं नाही, उताराला आडवं वळून, गुडघे वाकवून, पूर्ण तळवा टेकवत. झिजून गुळगुळीत झालेली मधली वाट सोपी दिसते, तिच्यावरच सगळे पडतात. कडेला गवत किंवा जमिनीत रुतलेला चिरा असेल तिथे पाय द्या, आणि वजन टाकायच्या आधी चिरा हलत नाही ना ते बघा. पोराला उताराच्या बाजूला ठेवू नका, तुम्ही घसरलात तर त्याच्यावरच जाल. अगदीच भीती वाटली तर खाली बसून सरका. पँट लाल होते, धुतली तरी पूर्ण जात नाही, म्हणून पांढरी घालू नका. माझी वहिनी दरवर्षी घालते.