टाइल्सच्या सांध्यांतील रंगाचे डाग कसे काढावेत

भिंती रंगवून झाल्यावर टाइलवर सांडलेले थेंब ओल्या फडक्याने किंवा नखानेही निघतात, पण दोन टाइल्समधील सांध्यात गेलेला रंग तसा निघत नाही, कारण सांधे भरण्यासाठी वापरलेल्या सिमेंटच्या ग्राउटला सूक्ष्म छिद्रे असतात आणि पातळ रंग त्यांत मुरतो. त्यामुळे घासायला घेण्यापूर्वी रंग कोणता आहे हे ओळखणे आवश्यक आहे.

कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून डागावर थोडा वेळ दाबून धरावा आणि मग घासून पाहावा. बोळ्याला रंग लागला तर तो डिस्टेंपर किंवा इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळून लावलेला रंग आहे. काहीच उतरले नाही तर दारे, खिडक्या आणि ग्रिलला लावतात तो ऑइल पेंट समजावा.

डिस्टेंपर किंवा इमल्शनच्या डागावर भांडी घासण्याचे लिक्विड घातलेल्या गरम पाण्याचे फडके दहा-पंधरा मिनिटे ठेवावे, फुगलेला थर प्लास्टिकच्या पट्टीने अलगद उचलावा आणि उरलेला भाग स्पिरिट लावून जुन्या टूथब्रशने सांध्याच्या लांबीच्या दिशेने घासावा. सैल झालेला रंग प्रत्येक वेळी स्वच्छ, कोरड्या फडक्याने लगेच टिपून घ्यावा. बहुतेक जण नेमके हेच टाळतात आणि मग विरघळलेला रंग आणखी खोल जाऊन आधी ठिपक्याएवढा असलेला डाग सांधाभर पसरतो.

ऑइल पेंट ओला असेल तर टर्पेंटाइन फडक्यावर घेऊन पुसावा. ते सांध्यात ओतू नये. पूर्ण वाळलेल्या ऑइल पेंटवर टर्पेंटाइनचा फारसा उपयोग होत नाही. तेथे वरचा थर ब्लेडच्या कडेने हलकेच खरवडावा, मग पेंट रिमूव्हर बारीक ब्रशने फक्त डागावर लावावा, डब्यावर सांगितलेला वेळ झाला की काढावा आणि जागा साबणाच्या पाण्याने धुवावी. रंगीत ग्राउट फिके पडण्याचा आणि इपॉक्सी ग्राउट मऊ होण्याचा धोका असल्यामुळे आधी कोपऱ्यात लावून पाहावे. हातमोजे घालावेत, खिडकी उघडी ठेवावी आणि बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर तो बंद करूनच कामाला लागावे, कारण स्पिरिट, टर्पेंटाइन आणि थिनर यांच्या वाफा पेट घेतात.

बाथरूम धुण्याचे अ‍ॅसिड मात्र या कामाला मुळीच वापरू नये. ते वाळलेल्या रंगाला फारसे काही करत नाही. उलट सिमेंट खाऊन सांधा पोकळ करते आणि मग त्यातून पाणी टाइलखाली उतरू लागते. अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू निघतो, म्हणून ‘दोन्ही टाकून बघू’ हा प्रयोग जिवावर बेतू शकतो. तारेची घासणीही नको. तिने ग्राउट झिजते आणि टाइलवर चरे पडतात.

एवढे करूनही छटा उरली तर बारीक पॉलिश पेपरने सांध्याचा वरचा थर किंचित घासावा. तरीही डाग दिसत असेल तर तेवढ्याच भागातील ग्राउट दोन-तीन मिलिमीटर खोल खरवडून काढावे, धूळ झाडून जागा किंचित ओली करावी आणि त्याच छटेचे ग्राउट दाबून भरावे. जास्तीचे ग्राउट ओलसर स्पंजने तिरके पुसून घ्यावे आणि किमान 24 तास तेथे पाणी पडू देऊ नये.