गाडी नसली तरी कोल्हापूर फिरता येतं की!

रेल्वेनं उतरलात तर सीबीएस, म्हणजे मध्यवर्ती एसटी स्टँड, चालत जवळच आहे, उगीच रिक्षा करू नका. तिथनं अंबाबाईला जायला केएमटी, म्हणजे शहरातली सिटी बस, बघा, पण चढायच्या आधी कंडक्टरला "महाद्वारला जवळ कुठं उतरू?" एवढं विचाराच, पाटीवर सगळे स्टॉप नसतात आणि सुट्टे पैसे हातातच ठेवा. देवळापासनं रंकाळा मात्र चालतच जावा, महाद्वारातनं ताराबाई रोड धरायचा, संध्याकाळी गार वारं लागतं, लै भारी वाटतं. पन्हाळा, जोतिबाला सीबीएसवरनं एसटी, बायकांना 2023 पासनं अर्धं तिकीट आहे. वडाप, म्हणजे शेअर जीप, भरल्याशिवाय सुटत नाही, घाई असंल तर नकोच. आणि परतीची शेवटची एसटी कधी ते उतरतानाच विचारून ठेवा.